माझ्यावरच्या दोन कविता

माझ्यावर दोन कविता झालेल्या आहेत. पहिलीत मी रडते आणि दुसरीत मी लुटते. पहिली ऐकून सभागृहातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, दुसरी ऐकून त्याच बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दोन्ही वेळा मला आधी कोणी काही विचारले नव्हते.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मासळीच्या धंद्यातले अनुभव मागितले आणि "जरा हलकेफुलके येऊ द्या" असे सांगितले. ते माझ्याकडून होईल असे वाटत नाही. मला राग लवकर येतो आणि हा राग तर जुना आहे, सुकटीसारखा वाळून कडक झालेला. ज्यांना हलकेफुलके हवे त्यांनी पुढच्या पानावरचे विनोद वाचावेत.

आधी धंदा सांगते. माझे माहेर वैनगंगेच्या काठचे, ढिवराचे घर. बापाकडे जाळे होते, तलाव नव्हता. लग्न होऊन चंद्रपूरकडच्या मूल या गावाला आले आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार झिंगे विकले. आज माझी पिकअप गाडी आहे. गाडीच्या मागे नाव माझे आहे आणि ती चालवतो माझा नवरा, नामदेव. आमच्या भागात गावोगाव जुने तलाव आहेत. गावातले ढिवर पहाटे जाळी ओढतात, त्यांच्या बायका काठावर मासळी निवडतात. मी काठावर जाऊन माल घेते, बर्फात भरते आणि मूल, चंद्रपूर, घुग्घुसच्या बाजारात नेते. म्हणजे मी मधली. मधल्या माणसाबद्दल कोणी चांगले बोलत नाही, पण काठावर पडलेला रोहू आपणहून बस धरून चंद्रपूरला जात नाही, हेही कोणी बोलत नाही.

मासा बघायला डोळा लागतो. कल्ला उचलून लाल आहे का बघायचे, पोट दाबून बोट परत वर येते का बघायचे, आणि विकणारीने कितीही शपथा घेतल्या तरी तोंड वाकडेच ठेवायचे. हे सगळे एका दमात करायचे असते. भाव करताना मी ओरडते. ओरडल्याशिवाय केलेला भाव मला खोटा वाटतो.

आणि काठावरची एक रीत सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरून झाले. तोल झाला की घेणारी हात पुढे करते आणि विकणारी त्या हातावर आणखी एक मासा ठेवते. त्याला वरचा मासा म्हणतात. तो हिशेबात धरत नाहीत. काठावर मासळी तोलतात तेव्हा ती पाण्याने भरलेली असते. बर्फातून बाजारात पोचेपर्यंत वजन उतरते, एखादीचे पोट फुटते. वरचा मासा त्या तुटीचा. ही रीत मी काढली नाही. माझ्या सासूच्या वेळीही होती.

गिऱ्हाइके सगळ्या तऱ्हेची. घुग्घुसला खाणीची पाळी सुटली की मोटारसायकलींवरून काळ्या तोंडाची माणसे येतात. ती भाव करत नाहीत, "बाई, लवकर दे" एवढेच म्हणतात. मला त्यांचा आदर वाटतो आणि थोडी निराशाही होते. एकदा सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतली एक मॅडम नाकाला रुमाल लावून आली. "बिना वासाचा मासा आहे का?" मी म्हटले, "आहे ना जी. दुधीभोपळा म्हनते त्याले. पल्याडच्या दुकानात भेटते." ती परत आली नाही, पण शेजारचा भाजीवाला बरेच दिवस मला चहा पाजत होता.

सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या धुळीने रस्त्यावर आमचा बर्फ लाल होतो. चंद्रपूरच्या एका कवीने तो बर्फ पाहून "हे जंगलाचे रक्त" असे काहीतरी लिहिले. मी ते रक्त रोज बादलीभर पाण्याने धुते आणि मासा विकते. धुतल्यावर त्याच कवीने कतला घेतला आणि डोके फुकट मागितले.

आता पहिली कविता.

मूलचा आठवडी बाजार उठत आला होता. मी माझ्या टोपलीशेजारी बसले होते. टोपली रिकामी होती. शेजारी मिरचीवाला पोती झटकत होता, त्यामुळे डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तेवढ्यात खांद्याला झोळी लावलेले एक प्राध्यापक आले. त्यांनी माझ्या पिशवीत उरलेली मूठभर सुकट मागितली. घासाघीस चांगली केली, त्याबद्दल तक्रार नाही. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, टोपली रिकामी आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो जी."

"आणि घरचे मालक?"

"नदीवर गेले." नामदेव त्या दिवशी नदीकडून झिंगे आणायला गेला होता.

प्राध्यापकांनी डोळे मिटले. मला वाटले, चक्कर आली. मी पाणी दिले.

महिनाभराने मिरचीवाल्याने मला वर्तमानपत्राचा तुकडा दाखवला. त्यात माझा फोटो होता आणि खाली कविता. "हे जळकन्ये, तुझ्या रिकाम्या टोपलीत साचले आहे शतकांचे तळे, आणि नदीने गिळलेला तुझा धनी अजून शोधतो आहे काठ." पुढे बरेच होते. माझे अश्रू होते, माझे मौन होते, मौन तर तीन कडव्यांत होते. माझे मौन! मूलच्या बाजारात कोणालाही विचारा. माझा आवाज एस.टी. स्टँडपर्यंत जातो.

आणि टोपली. संध्याकाळी मासळीवालीची टोपली रिकामी असणे याहून आनंदाची गोष्ट या धंद्यात नाही. भरलेली टोपली घेऊन घरी जाणारी बाई रडते. पण भरलेल्या टोपलीवर कविता होत नसावी. त्या दिवशी माझा सगळा माल गेला होता, पाठ टेकवायला खांब मिळाला होता आणि मी नामदेवची वाट बघत भजी खावी की जिलबी, याचा विचार करत होते. त्या माणसाने मला नीट बघितले, अगदी समोर बसून बघितले, आणि जे घरून ठरवून आणले होते तेच लिहिले.

थोड्या दिवसांनी ते आणखी दोघांना घेऊन घरी आले. चंद्रपूरला वंचितांच्या कवितेचे संमेलन होते. "कवितेची नायिका म्हणून आम्ही तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहोत."

"शाल कायले जी? थर्माकोलची दोन खोकी द्या. बर्फ टिकते."

ते तिघेही खूप हसले. त्यांना वाटले मी विनोद केला. संमेलनात शालच दिली. ती मी आता बर्फाच्या खोक्यावर टाकते. ऊन अडवते, पण थर्माकोल ते थर्माकोल.

संमेलनात स्टेजवर मला मध्ये बसवले. प्राध्यापकांनी आधी माझ्यावरची कविता म्हटली आणि बायकांचे पदर डोळ्यांना गेले. एकामागून एक कवी उठत होते आणि आपण मुक्यांना वाचा कशी दिली ते सांगत होते. एकजण शेतमजुराच्या भेगाळलेल्या टाचांवर बोलला, एकजण आदिवासी बाईच्या उघड्या पाठीवर. मी मोजत नव्हते, पण ऐकता ऐकता लक्षात आले की आम्हा लोकांना टाचा आहेत, पाठी आहेत, डोळे आहेत. तोंड कोणाच्याच कवितेत नाही. कोणी शिवी देत नाही, कोणी उधारीला नाही म्हणत नाही, कोणी नवऱ्यावर खेकसत नाही. सगळे नुसते बघत बसलेले असतात.

मग निवेदक म्हणाला, "जिच्या धन्याला नदीने गिळले आणि तरी जी खचली नाही, ती ही..."

समोरच्या रांगेत नामदेव आलुबोंडा खात बसला होता. तो उभा राहिला. "अजी साहेब, कोनाले गिळलं? मी इथी बसून आहो ना!"

सभागृह हसले. प्राध्यापक माझ्या कानाशी वाकले. "बाई, मनावर घेऊ नका. कवितेतली विधवा ही प्रतीकात्मक असते."

"मंग तुमच्या घरच्या बाईले करा ना प्रतीकात्मक. माह्या कपायावर काऊन येऊन राह्यले?"

त्यानंतर ते माझ्या शेजारून उठून टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला वाटले, चला, जिंकले. अंगावर शाल होती, नवरा जिवंत होता. शेवटी वेळ संपत आली तेव्हा निवेदकाने घड्याळाकडे बघत "आता एक नवोदित" म्हणून एका मुलीला बोलावले. बघते तर कोसमटोल्याची रोशनी. कोसमटोल्याच्या तलावावर मी दर गुरुवारी माल घेते. तिची आई देवका मला कितीतरी वर्षे मासळी देते. रोशनी गडचिरोलीला कॉलेजात शिकते एवढे मला माहीत होते. कविता करते हे माहीत नव्हते. आपली पोरगी म्हणून तिने तोंड उघडण्याआधीच मी टाळ्या वाजवल्या.

तिने काठ सांगितला. चिखल, थंडी, कल्ल्याने कापलेली आईची बोटे. सगळे बरोबर होते. मी मान डोलावत होते. मग ती म्हणाली,

"तोलून झालं, काटा निजला,
बाईचा हात जागाच राह्यला.
त्या हातावर गेला तो मासा
आमच्या गंजातला होता."

गंज म्हणजे कालवणाचे भांडे. माझी मान डोलायची थांबली. कवितेत नाव नव्हते, पण मासळी घेणारी बाई स्टेजवर एकच होती आणि तिच्या अंगावर शाल होती.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला शोधले. तिने गडचिरोलीची बस धरली होती.

कोणीतरी तो व्हिडिओ फोनवर फिरवला. पुढच्या गुरुवारी मी काठावर तोल संपवून हात पुढे केला. देवकाने नेहमीसारखा मासा ठेवला. मागून म्हातारी पार्बता म्हणाली, "काटा निजला वं, बाईचा हात जागाच!" सगळा काठ हसला. पाण्यातले गडीसुद्धा जाळे सोडून हसले. मी पार्बताच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यावर ते आणखी हसले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मग बायका हातावर बोटाएवढी मासोळी ठेवायला लागल्या. मग एके दिवशी काठावर सिंदेवाहीचा एक व्यापारी उभा दिसला. तो म्हणत होता, "आपन वरचा मासा घेत नाई बाई, एकदम साफ काम." कोसमटोल्याचा काठ गेला तर माझा निम्मा धंदा गेला. आणि तोही भावावरून नाही, बर्फावरून नाही, चार ओळींवरून. कवितेने काही होत नाही असे संमेलनात दोघेतिघे खेदाने म्हणाले होते. त्यांना मी माझ्या गाडीत घालून काठावर न्यायला तयार आहे.

तेवढ्यात कळले की रोशनीचे पुस्तक छापायला जात आहे. छापले की कायमचे. मी ठरवले, सौदा करायचा. आयुष्यभर तेच केले आहे.

ती सुटीला घरी आली तेव्हा मी कोसमटोल्याला गेले. देवका अंगणात मासळी साफ करत होती. रोशनीने चहा दिला.

"ते ओळ काढ," मी म्हटले.

"कोनती, मावशी?"

"तुले माहीत नाई का? हाताची."

"खोटी आहे का?"

"खोटी नाई म्हनत मी. अर्धी आहे. मासा बर्फात वाळते, फुटते, ते कुठी लिवलं तू?"

"ते तुमी लिवा ना."

"बरं, 'बाईचा' च्या जागी 'व्यापाऱ्याचा' कर."

"व्यापारी कोन येते आमच्या काठावर? तुमीच येता."

"मंग 'जागा राह्यला' काढ, 'पुढं झाला' कर. हात पुढं होतेच सगळ्यायचा."

तिने खरेच विचार केला. ओठ हलवून म्हणून बघितले. मग मान हलवली. "नाई मावशी. पुढं झाला म्हनलं तं तो कोनाचाही हात होते."

मी आवाज चढवला. म्हटले, माझी आईही काठावर बसत होती. तीही वरचा मासा देत होती, आणि ज्या दिवशी देत होती त्या दिवशी आम्ही चटणीभात खात होतो. तिच्यावर कोणी कविता केली नाही. म्हणजे ही रीत आहे, गुन्हा नाही.

रोशनी माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे तुमाले ठाऊक आहे, तो मासा कुठून येते ते."

ठाऊक असायला काय, काठावर सगळ्यांना ठाऊक असते. ढीग मच्छीमार संस्थेचा असतो, त्याचा तोल होतो, नोंद होते. वरचा मासा ढिगातून देता येत नाही. तो बाई आपल्या वाट्यातून देते. मी म्हटले, "ठाऊक असो नाईतं नसो, बर्फ तं वितळतेच ना!"

मग मी शेवटचा डाव टाकला. उठले. "ठेव तुही ओळ तुह्यापाशी." बाजारात असे उठून निघाले की मागून हाक येतेच, यायलाच लागते. मी अंगण ओलांडले. हाक नाही. चपलेत पाय घालायला जितका उशीर लावता येतो तितका लावला. हाक नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचाही धीर सुटला असता, या पोरीचा नाही.

शेवटी मीच वळले. तेव्हा ती म्हणाली, "बसा मावशी. ओळ काढते मी. तुमी वरचा मासा सोडा."

मी तिची मागणी कमी करून बघितली. एका आड एका गुरुवारी घेते म्हटले. नाही म्हणाली. फक्त तुझ्या आईकडून सोडते म्हटले. नाही म्हणाली. अख्खा काठ, नाहीतर ओळ राहील. मी तिच्या हातावर हात मारला. एक ओळ जाईल, काठ राहील, सिंदेवाहीवाला परत जाईल. वाईट सौदा नव्हता.

देवका इतका वेळ खाली मान घालून खवले काढत होती. विळा बाजूला ठेवून ती म्हणाली, "मासा माहा. हातही माहा कापते. तुमी दोघी कायचा सौदा करून राह्यल्या वं?"

रोशनीने चहाचे कप उचलले.

मी शब्द पाळला. गुरुवारी तोल झाला की हात पदरात गुंडाळून ठेवायची. सवयीचा हात, पहिल्या वेळी तो आपोआप निघाला आणि मी तो अर्ध्यातून परत आणला. सिंदेवाहीवाला दोनदा आला, मग आला नाही. रोशनीनेही शब्द पाळला. पुस्तक आले, ते मी बाजारात बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासले. ओळ नव्हती. मी नामदेवला त्या कवितेचे पान दाखवले. त्याने वाचले आणि म्हणाला, "बरी आहे. पन यात तं तू नाईच."

मी म्हटले, "म्हनूनच तं बरी आहे."

पण काठावर पुस्तक कोण वाचते? पार्बता वाचत नाही. तिला ओळ तोंडपाठ होती. गाडी तलावाकडे वळली की ती म्हणायची, माझा हात पदरात असतानाही म्हणायची. लहान पोरी टिपरी खेळताना म्हणायला लागल्या. मी रोशनीला फोन केला, चांगली तापले.

"मावशी, मी छापली नाई ना?" ती म्हणाली. "लोकं बोलतेत त्यायले मी काय करू? तुमी पुस्तकाचं बोलल्या होत्या."

मी फोन ठेवला. बरोबर होते तिचे. मी छापील ओळ घेतली, तोंडातली घ्यायची विसरले. असा सौदा मी दुसऱ्या कोणाला करू दिला नसता. त्या पोरीने कवितेत वेळ घालवू नये, धंद्यात यावे, असे मला अजून वाटते.

हे सगळे मी रागाने लिहायला घेतले होते, आणि इथेच संपवणार होते. पण गेल्या गुरुवारचे सांगायला हवे.

तोल झाला. खोकी गाडीत गेली. माझे दोन्ही हात पदरात होते. देवका उठली, आपल्या वाट्याच्या टोपलीतून एक रोहू काढला, चांगला हातभर, आणि माझ्यासमोर धरला.

"घे."

"नको. सौदा झाला आपला."

"तो तुमचा. माहा नोहोता. घे म्हनते ना."

पार्बताने तोंड उघडले होते. देवका तिच्याकडे न बघता म्हणाली, "चूप बस. हा तिनं मांगला नाई."

मला राग आला. दिलेले घ्यायची मला सवय नाही, मी मागून घेते. मी काटा परत उचलला. म्हटले, "मंग तोलून दे. आज भाव लावून घेते मी."

देवकाने मासा खाली केला नाही. "आज तोलते म्हनते? मंग मागचेही तोल ना. तुह्या मायचे धरून."

काटा माझ्या हातात होता. पाण्यातल्या गड्यांचे जाळे थांबले होते. मी काटा गाडीत ठेवला आणि मासा घेतला.

काठावर कोणी हसले नाही. बायका हसल्या असत्या तर बरे झाले असते.